न आखलेला रकाना

घोडी सहसा दिवसा वीत नाही. माणसांची वर्दळ थांबते, पाण्याच्या मोटारीचा आवाज बंद होतो, कुत्रीसुद्धा कुठेतरी मुटकुळं करून पडतात, आणि मग ती मनावर घेते. दिवस अगदी भरलेले असले तरी आजूबाजूला गडबड वाटली, तर ती काही तास थोपवून धरते. उघड्या माळावर हिंस्र जनावरांच्या भीतीत जगलेल्या पूर्वजांकडून आलेली ही सावधगिरी आहे. हजारो वर्षं गोठ्यात राहूनही ती गेलेली नाही. म्हणून पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर जानेवारीपासून पुढचे चार-पाच महिने रात्रपाळीचे असतात.

फेब्रुवारीतली अशी एक रात्र मी त्या पाळीवर काढली. माझ्यासोबतच्या सईसांना तिथं सगळे ‘मामा’ म्हणतात. त्यांचे वडील याच कामात होते, आता त्यांचा मुलगाही आहे. जुन्या मराठीत घोड्यांची देखभाल करणाऱ्याला मोतद्दार असा शब्द आहे. तो मी वापरला तेव्हा मामा हसले. हा शब्द त्यांनी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकला होता. मग मला विण्याच्या खोलीच्या दाराशी उभं करून त्यांनी एवढंच सांगितलं, ‘‘बघा, पण हलू नका. तिला तुमचा वास नवा आहे.’’

खोली चांगली ऐसपैस होती. खाली गुडघाभर कोरडं काड पसरलेलं, वर मंद दिवा, कोपऱ्यात कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्र ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं, पण मामा पडद्याकडे फारसे बघत नाहीत. दर थोड्या वेळानं आत जाऊन ते घोडीच्या शेपटीच्या बुडाशी तळहात ठेवतात. वेळ जवळ आली की तिथले स्नायू सैल पडतात, बोटांना लोण्यासारखे लागतात. त्याआधी एक-दोन दिवस सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब गोठून बसतात. हल्ली दुधाचा थेंब पट्टीवर घेऊन त्यातलं कॅल्शियम तपासतात, ते वाढलं की समजायचं. त्या संध्याकाळी पट्टीनं ‘उद्या’ असं सांगितलं होतं. मामांचा हात म्हणाला, आज.

दीडच्या सुमाराला घोडी फिरू लागली. काखेत, मांड्यांत घाम आला. ती स्वतःच्या पोटाकडे वळून बघायची, बसायची, पुन्हा उठायची. मग पाणी गेलं, आणि तिथून पुढे सगळं माझ्या कल्पनेपेक्षा फार लवकर झालं. गाय-म्हैस कळा देत तासन्‌तास काढू शकते. घोडीचं तसं नसतं. पाणी गेल्यावर वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यावंच लागतं. अर्धा तास उलटला, की दर मिनिटाला शिंगराचा जीव जातोय असं धरून चालायचं. गाव दूर, डॉक्टर वाटेत असला तरी उपयोग नाही. त्या अर्ध्या तासात दाराशी जो माणूस असेल, त्याला जे कळत असेल तेवढंच कामाला येतं.

आधी पांढुरकी, निळसर झाक असलेली पिशवी दिसायला हवी. तिच्या आत दोन खूर, तळवे खाली, एक दुसऱ्याच्या किंचित पुढे. एक पुढे असला की खांदे तिरके होऊन वाट मिळते. मग गुडघ्यांवर टेकलेलं नाक. हा क्रम बरोबर असेल तर सईसानं हात मागे बांधून उभं राहायचं. पण पांढरीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी आधी दिसली तर विचार करायला एक श्वाससुद्धा नसतो. वार आतच सुटली आहे आणि शिंगराला हवा मिळत नाहीये, असा त्याचा अर्थ. ती पिशवी तिथल्या तिथं फाडायची आणि शिंगरू ओढून बाहेर काढायचं. मामांनी आयुष्यात हे चारदा केलंय. दोन जगली, दोन गेली. त्या चारही घोडींची नावं त्यांना आठवतात.

त्या रात्री पांढरी पिशवी आली. खूर आले, नाक आलं, मग एका मोठ्या कळेसरशी सगळं अंग घसरून काडावर आलं. मागचे पाय अजून आईच्या पोटातच. मला वाटलं, आता नाळ कापतील. मामा जागचे हलले नाहीत. घोडी उठते किंवा शिंगरू धडपडतं तेव्हा नाळ आपोआप, ठरलेल्या जागी तुटते. घाईनं कापायची नसते. तुटल्यावर बेंबीला औषध लावायचं, कारण जंतू त्याच वाटेनं आत शिरतात. मामांनी मला शिंगराचे खूर दाखवले. खालून रबरासारखी मऊ, पिवळसर झालर होती. आईच्या पोटात लाथा मारताना तिला इजा होऊ नये म्हणून निसर्गानं बांधून दिलेली. शिंगरू चालू लागलं की काही तासांत ती झिजून जाते. म्हणजे ही झालर ज्यानं रात्री पाहिली त्यानेच पाहिली. सकाळी येणाऱ्या मालकाला ती कधी दिसत नाही.

त्यानंतरचा हिशेब सगळ्या स्टडवर एकच: एका तासात उभं, दोन तासांत आचळाशी, तीन तासांत आईची वार पूर्ण पडलेली. वार पडली की ती जमिनीवर अंथरून नीट बघतात. एखादा तुकडा आत राहिला तर घोडीला ताप चढतो आणि तो खुरांत उतरून तिला कायमचं लंगडं करू शकतो.

आचळाशी जाणं हे फक्त भुकेसाठी नसतं. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारशक्ती नाळेतून मिळते. घोडीची वार तशी नसते, तिच्या पडद्यांमधून ती पलीकडे जात नाही. शिंगरू अगदी उघडं जन्माला येतं. जे काही संरक्षण मिळायचं ते चिकातून, आणि चिकातलं ते सत्त्व रक्तात घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या दिवसापुरतीच. एकदा तो दिवस हुकला की मग कितीही दूध प्यायलं तरी ते फक्त अन्न. म्हणून चांगल्या स्टडवर भरपूर चीक असलेल्या घोडीचा थोडा चीक काढून गोठवून ठेवतात. एखादी घोडी विताना दगावली, तर तिच्या पोराला तो पाजायचा.

त्या रात्रीचं शिंगरू तासाभरात तीनदा पडलं. चौथ्यांदा चार पाय चार दिशांना टेकून उभं राहिलं आणि आईऐवजी भिंतीला लुचू लागलं. मामांनी त्याच्या ढुंगणाशी तळहात ठेवून हलकेच वळवलं. चिकाचा पहिला घोट गेल्याचा आवाज मीही ऐकला.

मग ते नोंदवही घेऊन बसले. तारीख. वेळ २.०५. मादी. रंग कुमैत. कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय पांढरा. आईचं नाव, बापाचं नाव, वार पडल्याची वेळ. एवढे रकाने आखलेले होते. शिंगरू कोणाच्या हातावर आलं, त्याचा रकाना नव्हता.

*

ज्या जातीच्या घोड्यांचा हा धंदा आहे, तिचं नावच तिच्या वहीवर उभं आहे. थरोब्रेड म्हणजे ज्याचे आईबाप वंशावळीच्या पुस्तकात आहेत तो घोडा. इंग्लंडात १७९१ साली जेम्स वेदरबी यांनी या नोंदी छापायला सुरुवात केली, आणि आजच्या प्रत्येक थरोब्रेडचा बाप, बापाचा बाप असं मागे गेलं की बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकावर येऊन थांबतं. पौडाजवळ किंवा तळेगावाजवळ जन्मलेलं शिंगरूही त्याला अपवाद नाही. आता त्याच्या मानेत चिप बसते, डीएनए तपासून आईबाप पक्के होतात. नाव मिळेपर्यंत ते आईच्या नावानं आणि जन्मसालानं ओळखलं जातं. इतकी काटेकोर नोंद माणसांच्याही नशिबी नसते.

या वहीचे नियम फार्मवरच्या सगळ्या दिनचर्येला बांधून टाकतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावीच लागतात. शिवाय प्रत्येक शिंगराचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. एक जानेवारीत जन्मलं आणि दुसरं मेमध्ये, तरी शर्यतीच्या कागदावर दोघांचं वय सारखंच. दोन वर्षांच्या घोड्यात चार महिन्यांचा फरक हाडात दिसतो. त्यामुळे सगळ्यांना लवकरचं शिंगरू हवं असतं. पण घोडी हे मोठ्या दिवसांचं जनावर आहे, उन्हाळा जवळ आला की ती माजावर येते. मग थंडीत तिच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा लावून तिच्या शरीराला दिवस मोठा झालाय असं भासवायचं. गर्भ सुमारे अकरा महिने. म्हणजे दरवर्षी शिंगरू हवं असेल तर व्याल्यावर महिन्याभरात तिनं पुन्हा गाभण राहायला हवं. आईच्या पायाशी आठवड्याचं पोर, आणि तिला पुन्हा कुंपणाशी नेऊन टीझर घोड्यासमोर उभं करतात, ती माजावर आहे का हे कळावं म्हणून. टीझरचं काम फक्त विचारणं. होकार आला की त्याला परत नेतात आणि लाखमोलाच्या स्टॅलियनला आणतात. मला त्या टीझरबद्दल वाईट वाटलं. त्याचा सईस मात्र त्याला रोज सर्वांत आधी गाजर देतो.

पंधराव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफी. जुळं दिसलं तर डॉक्टर लगेच त्यातलं एक बोटांनी दाबून नाहीसं करतात. घोडीच्या पोटात दोघांना पुरेल इतकी जागा वारेला मिळत नाही. दोन्ही ठेवली तर बहुतेकदा दोन्ही जातात, कधी आईही.

पुण्याच्या परिसरात हा व्यवसाय रुजायला कोरडी हवा आणि मुंबईची जवळीक अशी दोन्ही कारणं आहेत. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. हिवाळ्यात शर्यती मुंबईला, पावसाळ्यात पुण्याला, आणि शिंगरं वाढवायला ही जमीन. पूनावाला कुटुंबाचा स्टड १९४६ साली सुरू झाला. त्या स्टडची एक गोष्ट घोड्यांशी कधीही संबंध न आलेल्या माणसाच्याही अंगात भिनलेली आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथून हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वातावरचं आणि सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. हे औषध आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचत नेतात. त्याचं मोठं शरीर त्यावर उतारा तयार करतं. मग रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात. आपल्याकडे भातखाचरात, करवंदीच्या जाळीत, विटांच्या ढिगाऱ्याशी दरसाल जेवढी माणसं या औषधानं वाचतात, त्यांच्या जगण्यात एक घोडा आहे आणि त्याला धरून उभा राहिलेला एक सईसही. सुई टोचताना घोडा मान कोणाकडे वळवतो, ते डॉक्टरांना विचारून पाहावं.

*

सईसाचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आधी चंदी: ओट, बार्ली, भिजवलेला हरभरा. मग लसूणघास. घोड्याचं पोट छोटं आणि आतडं प्रचंड लांब, शिवाय त्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. म्हणून एका वेळी थोडं आणि दिवसातून अनेकदा. चाऱ्याला बुरशी लागली, वेळ चुकली, पाणी कमी पडलं, तर पोटशूळ उठतो आणि सहाशे किलोचं जनावर संध्याकाळपर्यंत गमावलं जाऊ शकतं. न खाल्लेली चंदी, कोरडी पडलेली लीद, ही पहिली धोक्याची घंटा. ती ऐकायची तर लीद रोज बघावी लागते.

नंतर खरारा. खरारा म्हणजे नुसती साफसफाई नव्हे. अंगावरून हात फिरवताना कुठे सूज आहे, कुठे ऊन लागतंय, कुठे घोडा आखडतोय, हे कळतं. मामा रोज प्रत्येक पायाच्या गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात फिरवतात. एखाद्या नळीत किंचित ऊब लागली, तर लंगडणं दिसायच्या दोन दिवस आधी ते सांगतात. तपासायला यंत्रं आहेत, पण त्यांना बोलवायचं केव्हा हे तळहात ठरवतो.

दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंद येतो. त्याच्या कामातली खरी कसोटी नाल ठोकण्यात नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिंगराचा पाय आत वळतोय की बाहेर हे ओळखून, खुराची एक कड कानसीनं थोडी थोडी कमी करत पाय सरळ वाढवायचा असतो. हाड एकदा घट्ट झालं की मग काही करता येत नाही. मैदानावर सरळ पडणाऱ्या पायाला लोक टाळ्या वाजवतात, तो पाय दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मांडीवर घडलेला असतो.

पाचव्या-सहाव्या महिन्यात शिंगरं आईपासून तोडतात. ते दोन दिवस फार्मवर कुणालाही झोप येत नाही. घोड्या कुंपणाशी फेऱ्या मारत हाका देतात, पोरं दुसऱ्या टोकाकडून उत्तर देतात. मामा त्या रात्री शिंगरांच्या खोलीतच काड पसरून झोपतात. कामाच्या यादीत हे नाही.

या कामात लाथ बसतेच. बरगडी मोडलेली, बोट गेलेलं, गुडघा कायमचा दुखणारा अशी माणसं मी एकाच फार्मवर मोजली. राहायला खोली मिळते, पोरं शाळेत जातात, पण घोडा विकला गेला की त्याच्यावर लावलेला जीव मागेच राहतो. त्याचा मोबदला कुठल्या पगारपत्रकात धरत नाहीत. घोडा जिंकला तर मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं नाव छापून येतं, पैदास करणाऱ्या स्टडचंही. सईसाचं नाव मात्र कुठेच नसतं. हे चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि ते सुधारणं मुळीच अवघड नाही.

*

याच जमिनीवर एक दुसरी घोडी आहे. तिची वही कुणी लिहिली नाही.

भीमेच्या काठची ती भीमथडी. ब्रिटिशांच्या काळी पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आणि शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आजही आहे. ठेंगणी, काटक, दगडी खुरांची, थोड्या चाऱ्यावर भागवणारी ही जात मराठी फौजांनी देशभर नेली. शाळेत मुलं म्हणतात त्या आपल्या राज्यगीतात तिच्या तट्टांचं नाव आहे. पण प्रत्यक्षात ती जगली ती धनगरांच्या फिरत्या वाड्यांमुळे. दिवाळी झाली की पुणे, सातारा, नगर, सोलापूरकडचे कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. पुरुष मेंढ्यांबरोबर पुढे जातात. घोड्यांचा काफिला बायांच्या ताब्यात असतो. पाठीवर भांडीकुंडी, जाळ्या, अंथरुणं, त्यावर कालची कोकरं, खुराड्यातल्या कोंबड्या, कधी वर्षाचं पोर. बोजा दोन्ही बाजूंना सारखा बांधणं ही विद्या आहे. एक बाजू शेरभर जड झाली तर घाटाच्या उतारावर घोडी अडखळते.

बोपदेव घाटाच्या पायथ्याशी मी एका वाड्यावर थांबलो होतो. तिथल्या आजी घोडी लादत होत्या. मी वय विचारलं, तेव्हा घोडीचं सांगू का माझं, असं विचारून त्यांनी घोडीचा ओठ वर केला आणि दात दाखवले. मग तिची आई कोणत्या साली, कोणत्या गावाच्या शिवारात व्याली, तिची आजी कुणाकडून मेंढ्या देऊन घेतली, असं चार पिढ्यांचं सगळं सांगितलं. वेदरबींच्या पुस्तकात जे असतं तेच, फक्त आजींच्या तोंडी.

या जातीला स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची नोंदणी अगदी अलीकडे मिळाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झंस्कारी, स्पिती, भुतिया आणि कच्छी-सिंधी या सातांनंतर. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण काळ कठीण आहे. पशुगणनेत २०१२ साली देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती, २०१९ साली ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. वाड्यांवर आता टेम्पो आलेत, चराईच्या वाटांवर प्लॉट पडलेत.

सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणाऱ्या बाजारात घोड्याची किंमत आणखी वेगळ्या तऱ्हेनं ठरते. तिथं वही नसते, अंग वाचतात. चारी पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. गळ्याखाली भोवरा असेल तर देवमण, भाव चढतो. डोळ्याखाली भोवरा असेल तर आंसूढाळ, आणि मग उत्तम चालीचं जनावरही संध्याकाळपर्यंत तसंच उभं राहतं. मला हे शकुन पटत नाहीत. पण तिथले जाणकार भोवरा बघता बघता सांधा, छाती, श्वासही बघून घेतात, हे मी पाहिलंय.

स्टडवरची काळजी वेगळी. शर्यतीवरच्या पैजांना जीएसटी आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. पैजांचा पैसा आटला की बक्षिसं आटतात, मग घोडे घेणारे कमी होतात, आणि शेवटी मालक पुढच्या हंगामात कमी घोड्या भरवतो. शिवाय येरवडा आणि मांजरी ही स्टडची ठिकाणं पूर्वी शहराबाहेर होती, आता शहरात आहेत. कमी घोड्या म्हणजे कमी सईस. मामांचा मुलगा सुटीच्या दिवशी दुसऱ्याची रिक्षा चालवतो. मामा त्याला अडवत नाहीत. फक्त फेब्रुवारीत रात्री घरी राहा, एवढंच सांगतात.

त्या रात्रीनंतर सकाळी नऊला मालक आले, डॉक्टर आले. चिकातलं सत्त्व रक्तात उतरलंय की नाही यासाठी शिंगराचं थोडं रक्त काढलं. चांगलं निघालं. सगळ्यांनी घोडीला शाबासकी दिली. तिचं वहीतलं नाव तीन शब्दांचं आणि फ्रेंच आहे. ऊन तापायच्या आत मामांनी दोघींना पहिल्यांदा छोट्या पॅडॉकमध्ये सोडलं. शिंगरानं गवत पहिल्यांदा पाहिलं, त्यावर पाय ठेवायला बिचकलं, मग आईच्या सावलीत चार पावलं दुडकलं. आई मान वर करून लांब कुठेतरी बघत राहिली होती. मामांनी कुंपणावर हात टेकून हाक मारली, ‘‘सखू!’’

तिनं लगेच कान वळवले.